एकोणीस वर्षांची पाहुणी

नवा कायदा मंगळवारी पोस्टाने आला. एकशे चौऱ्याऐंशी पानं होती, मागे परिशिष्टं वेगळी. अधीक्षिकाबाईंनी तो आधी उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग खुर्ची भिंतीला टेकवून डोळे मिटून वाचला. शेवटी त्यांनी कारकुनाला हाक मारली.

"काका, आजपासून आपण बालगृह नाही."

"मग काय आहोत?"

"बालक निगा, संरक्षण व पुनर्वसन केंद्र."

कारकुनांनी मान डोलावली. संस्था बदलायला त्यांची हरकत नव्हती. शिक्का बदलावा लागणार याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. तेहतीस वर्षं ते या कार्यालयात बसत होते, आणि या तेहतीस वर्षांत त्यांनी शिक्का मारल्याशिवाय एक कागद बाहेर जाऊ दिला नव्हता, की एक कागद फाडला नव्हता. मुलं त्यांना शिक्काकाका म्हणत. समोरसुद्धा म्हणत.

पाटी रंगवणारा दुसऱ्या दिवशी आला. जुनी पाटी 'बालगृह' एवढ्या एका शब्दाच्या मापाची होती. 'संरक्षण व' इथवर तो पाटीवर राहिला, पुढे भिंतीवर उतरला, आणि मधे पावसाच्या पाण्याचा नळ आला म्हणून उरलेला शब्द त्याने नळाच्या पलीकडे लिहिला. दुरून बघणाऱ्याला नळाचंच पुनर्वसन चाललंय असं वाटे.

मग आतलं काम सुरू झालं. दोन खाटांमध्ये नव्वद सेंटिमीटर अंतर हवं, असं कलम चौदा म्हणत होतं. अंतर ठेवल्यावर एक खाट उरली. ती व्हरांड्यात ठेवली, तर कलम पंधरा म्हणालं की व्हरांडा मोकळा हवा. तेव्हापासून ती खाट कार्यालयात आहे आणि तिच्यावर फायली झोपतात. महिन्यातून एकदा मुलांची मतं घेऊन इतिवृत्त लिहायचं, असंही एक कलम होतं. पहिल्या सभेत बावीस मुलांनी तीन ठराव केले: बटाटे कमी करावेत, बटाटे कमी करू नयेत, आणि शिक्काकाकांनी हसावं. तिन्ही ठरावांपुढे काकांनी 'विचाराधीन' असा शिक्का मारला.

खरी पंचाईत कलम नऊने केली. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे नेमणूकपत्र हवं, असं त्यात होतं. काकांनी कपाट उघडलं. बाईंचं पत्र सापडलं. स्वतःचं सापडलं. धुणंवाल्या बाईंचं सापडलं, दारावरच्या आजोबांचंही सापडलं. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मात्र सापडेना. दोन दिवस शोधून झाल्यावर काका स्वयंपाकघरात गेले. एरवी ते तिथे कधी जात नसत. तिथले डबे अक्षरक्रमाने लावलेले नव्हते.

"मावशी, तुमचं नेमणूकपत्र कुठे आहे?"

मावशी बटाटे सोलत होत्या. "कसलं पत्र?"

"तुम्हाला कामावर घेतल्याचं."

"मला कुणी घेतलंच नाही. मी आले."

आणि ते खरंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी तेव्हाची स्वयंपाकीण बहिणीच्या बाळंतपणाला तीन दिवस गेली होती. तीन दिवसांपुरत्या मावशी आल्या. बाहेरचं माणूस म्हणून दारावरच्या आजोबांनी त्यांच्यापुढे भेट देणाऱ्यांची वही सरकवली. तारीख, वेळ, नाव, कोणाला भेटायचंय, काम, सही.

"कोणाला भेटायचंय?" आजोबांनी तेव्हा विचारलं होतं.

"कोणालाच नाही. स्वयंपाक करायचाय."

रकाना रिकामा सोडायची परवानगी नव्हती. आजोबांनी 'स्वयंपाकघर' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशीही वही पुढे केली, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी आधीची स्वयंपाकीण आली नाही, पाचव्या दिवशी आली नाही, आणि मग ती येणार होती हे सगळे विसरले. वही पुढे करायला मात्र आजोबा कधी विसरले नाहीत. दरमहा मावशींना मानधन मिळे, कारण पाहुण्यांना मानधन द्यायची सोय जुन्या नियमांत होती. ती भाषणं करायला येणाऱ्यांसाठी होती.

"म्हणजे एकोणीस वर्षं आपल्याकडे पाहुणी स्वयंपाक करतेय?" बाईंनी विचारलं.

"कागदोपत्री, हो."

बाई आठवू लागल्या. "मागे एकदा मीठ जास्त पडलं म्हणून मी त्यांना बोलले होते."

"पाहुणीला," काका म्हणाले.

काकांनी आठवडाभर बसून नेमणूकपत्र तयार केलं. आठ मसुदे केले. पत्र आजच्या तारखेचं, पण अंमल एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या सकाळपासून. सोमवारी ते त्यांनी स्वतः स्वयंपाकघरात नेऊन दिलं. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"नाव बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "याने काय होतं?"

"निवृत्तिवेतन मिळेल. रजा मिळेल. आजारी पडता येईल."

"आजारी मी आधीही पडले होते."

"ते अनधिकृत होतं."

मावशींनी पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं, खाली, पिठाच्या तळाशी. मंगळवारी सकाळी सहा वाजता त्या फाटकातून आत आल्या आणि आजोबांनी पुढे केलेल्या वहीकडे न बघता पुढे गेल्या.

"सही?" आजोबा म्हणाले.

"मी आता आतली."

आजोबा दिवसभर वही मांडीवर मिटून बसले होते. त्यांचं काय बिनसलंय हे कोणी विचारलं नाही, कारण ते एरवीही तसेच बसत.

आणखी एकीचं बिनसलं होतं. ती म्हणजे भिंगरी. वय नऊ. तिसऱ्या वर्षी इथे आली. फायलीत नातेवाईकांच्या जागी एक आडवी रेघ. खुर्चीवर ती बसलेली कोणी पाहिली नव्हती. पाहिली तर खुर्चीच्या पाठीवर. लिहायला शिकल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, ती रोज सहाच्या ठोक्याला फाटकाशी हजर असे आणि वहीतली मावशींची ओळ तीच भरे. मावशी खाली सही ठोकून आत जात. ती काय लिहिते ते त्यांनी कधी वाचलं नाही, चष्मा आत स्वयंपाकघरात असे. ओळ भरली की आजोबांचं समाधान होई. मंगळवारी मावशी वहीला वळसा घालून गेल्या तेव्हा भिंगरी हातात पेन घेऊन उभी होती. पेन तिने आजोबांना परत दिलं आणि शाळेत गेल्यावर कुणाला तरी चावली.

बुधवारी तपासणी अधिकारीबाई आल्या. अंगाने बारीक, पिशवी जाड. खुर्च्यांवर परिशिष्टं होती म्हणून त्या खाटेवर, फायली सारून बसल्या.

"कलम अठरा," त्या म्हणाल्या. "कुठलंही मूल दोन वर्षांहून जास्त काळ केंद्रात राहू नये. कुटुंब मिळत असेल तर कुटुंबात जावं."

"चांगलं कलम आहे," बाई म्हणाल्या. त्यांना ते खरंच चांगलं वाटत होतं. बावीस जणांच्या वाढदिवसांच्या तारखा त्यांना पाठ होत्या, आणि आपल्याला त्या पाठ असाव्या लागतात हे त्यांना बरं वाटत नसे.

"तुमच्याकडे एकच केस आहे. बाकीच्यांचे कोणी ना कोणी आहेत. ही नऊ वर्षांची मुलगी." अधिकारीबाईंनी कागद काढला. "मूल हवं असलेल्यांच्या यादीतलं पहिलं जोडपं तयार आहे. रेल्वेने दीड दिवस. माणसं चांगली आहेत, मी चौकशी केली. त्यांनी फक्त शांत मूल मागितलंय."

तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. भिंगरी पावसाच्या नळाला पायांनी धरून 'पुनर्वसन'च्या शेजारी उलटी लटकली होती.

"शांत आहे का?"

"झोपेत आहे," शिक्काकाका म्हणाले.

अधिकारीबाई जरा वेळ बघत राहिल्या. मुलीच्या फ्रॉकच्या घेरावर तीन फिकट आडव्या रेषा होत्या, एकीखाली एक. दरवर्षी एक दुमड उसवून फ्रॉक लांब केलेला.

"हा कोण शिवतं?"

"माझे हे," दारातून उत्तर आलं. मावशी चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं, कारण चहा निवला होता. "कधी न्यायचं तिला?"

"साठ दिवसांत."

मावशींनी कप एकेक करून खाटेच्या कडेवर ठेवले. मग म्हणाल्या, "मी नेते."

"तुम्ही?"

"तिसऱ्या गल्लीत राहतो. दोन खोल्या आहेत. हे शिंपी आहेत, घरीच मशीन आहे. मूलबाळ नाही. ती रविवारी येते, तेवढा एकच दिवस घर घरासारखं वाटतं. बाकीचे सहा दिवस दुकान."

अधिकारीबाईंनी पेन काढलं. आनंद झाला की त्या पेन काढत. "हे तर उत्तमच. कलम बावीस एवढंच म्हणतं की कुटुंबाने मुलाला आधी किमान बारा वेळा भेटलेलं असावं आणि भेटींची लेखी नोंद असावी."

आणि इथे बाईंच्याने राहवलं नाही. "बारा काय घेऊन बसलात? मावशी आमच्या कर्मचारी आहेत. एकोणीस वर्षं!"

शिक्काकाकांनी तेवढ्यात नेमणूकपत्राची कार्यालयीन प्रत पुढे केली. त्यांच्या कुठल्या कागदाचा कोणी असा अभिमानाने उल्लेख करावा, असं फार वर्षांनी घडत होतं.

अधिकारीबाईंनी प्रत वाचली. पेनचं टोपण लावलं.

"कलम एकतीस," त्या म्हणाल्या. "संस्थेचा आजी अथवा माजी कर्मचारी त्या संस्थेतील बालकाचे पालकत्व घेण्यास अपात्र राहील."

"माजीसुद्धा?" बाईंनी विचारलं.

"माजीसुद्धा."

"कधीपर्यंत माजी?"

"एकदा माजी झालेला माणूस माजीच राहतो." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "हे कलम उगाच नाही आलेलं. एका ठिकाणी अधीक्षकाने चार मुली घरी नेल्या. कागदावर लेकी. चार वर्षं त्या त्याच्या घरची भांडी घासत होत्या. मी गेले होते तिथे. सगळ्यात धाकटी मला म्हणाली, तुमचा कप राहू द्या, मी विसळते."

मावशींनी तो कप स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, "माझ्याकडे भांडीच मुळात पाच."

अधिकारीबाई प्रतीकडे परत बघू लागल्या. उलटून बघितली, उजेडात धरली.

"यावर नोंदणी क्रमांक नाही."

"मुख्यालयात नोंद झाली की तिकडून येतो," काका म्हणाले. "टपाल शुक्रवारी जातं. पाच वाजता."

"कलम दोन. व्याख्या. कर्मचारी म्हणजे नोंदणी क्रमांक असलेलं नेमणूकपत्र जिच्याकडे आहे अशी व्यक्ती." त्यांनी प्रत परत दिली. "आज बुधवार. मी शुक्रवारी सहा वाजता येईन आणि त्या वेळी जे असेल ते लिहीन. आज घर बघते. परवा मुलीशी बोलेन. कागद काहीही म्हणोत, मला पटलं नाही तर मी नाही म्हणणार."

त्या संध्याकाळी त्या तिसऱ्या गल्लीत गेल्या. शिंपी मशीनवरून उठले नाहीत, कारण उठले तर सुईखाली धरलेलं कापड निसटलं असतं. खोलीत एक खिडकी होती, वरच्या फळीवर बटणांचा मोठा डबा होता, आणि भिंतीवर खिळ्याला भिंगरीच्या फ्रॉकच्याच कापडाचा तुकडा टांगला होता.

"दुमडी बऱ्याच ठेवल्यात," अधिकारीबाई म्हणाल्या.

"कापड जास्त घेतलं होतं. किती वर्षं लागेल, माहीत नव्हतं."

"अजून किती आहेत?"

"दोन," शिंपी म्हणाले आणि मशीन चालू केली. अधिकारीबाईंनी वहीत तेवढा आकडा लिहून घेतला. तो नमुन्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

गुरुवारी दुपारी जेवणं उरकल्यावर शिक्काकाका पुन्हा स्वयंपाकघरात आले. पंधरवड्यात तिसऱ्यांदा. हातात काही नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"मावशी, नीट ऐका. पत्र उद्या टपालात टाकलं तर एकोणीस वर्षं तुमची. नाही टाकलं, तर तुम्ही इथे कधी काम केलेलंच नाही."

"पुढच्या वर्षी टाका."

"टाकता येणार नाही. कधीही टाकलं तरी तुम्ही कर्मचारी, आणि मग कलम एकतीस. दोन्ही नाही मिळायचं."

"म्हातारपणी काय मिळेल?"

"काही नाही."

मावशींनी पाण्याच्या पातेल्याखालचा गॅस बारीक केला. "घरी बोलले मी. हे म्हणाले, मशीन चालतेय तोवर चालतेय, पुढचं पुढे बघू. पुढचं त्यांनी आजवर कधी बघितलेलं नाही. मीच बघत आले."

"मग काय ठरवलंत?"

"काका, पत्र नाही गेलं तर मी एकोणीस वर्षं इथे काय करत होते?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कागदोपत्री? भेटायला येत होता."

मावशी पातेल्यात बघत राहिल्या. पाणी उकळलं, वाफ त्यांच्या तोंडावर आली, तरी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं बघायला गेलं तर खोटं नाही."

त्यांनी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवी बाहेर काढली. पत्र झटकून काकांच्या हातात दिलं. त्यांच्या बाहीला पीठ लागलं होतं, आणि एवढा वेळ मिळालेला असूनही त्यांनी ते पुसलं नाही.

"फाडा," त्या म्हणाल्या.

काकांनी दोन्ही बाजू धरल्या आणि तसेच उभे राहिले.

"रद्दचा शिक्का मारला असता," ते म्हणाले. "पण रद्द झालेलं पत्र म्हणजे कधीतरी असलेलं पत्र. ते फायलीला लागतं."

"फाडा की मग."

"धरलंय."

"दिसतंय."

"मला जमत नाही, मावशी. आठ मसुदे केले होते."

मावशींनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं, घडी घातली, घडीवर घडी घातली, आणि वाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. कागद जाड होता, सरकारी. "एकोणीस वर्षं हलत होतं," त्या म्हणाल्या. टेबल आता दुसऱ्या बाजूला हलू लागलं. काका कार्यालयात जाऊन कार्यालयीन प्रत घेऊन आले आणि ती त्यांनी समोरच्या पायाखाली घातली. मग टेबलावर तळवा ठेवून दोनदा दाबून बघितलं.

"कागद नष्ट केलेला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "वापरात आहे."

शुक्रवारी सकाळी सहाला मावशी फाटकाशी थांबल्या. आजोबांनी वही उघडली. भिंगरी धावत आली, पेन घेतलं, ओळ भरली, मावशींनी सही केली. पाच वाजता टपाल गेलं. त्यात शिक्क्याच्या नव्या नमुन्याची मागणी होती, बाकी काही नव्हतं.

सहा वाजता अधिकारीबाई आल्या. त्यांनी कार्यालयाचं दार लावून घेतलं आणि भिंगरीला खाटेवर बसायला सांगितलं. ती खाटेच्या लोखंडी कठड्यावर बसली.

"तू मावशींच्या घरी जातेस?"

"रविवारी. बाई पाठवतात."

"तिथे काय करतेस?"

"बटणं निवडते. काळी काळ्यात, पांढरी पांढऱ्यात."

अधिकारीबाई सावरून बसल्या. "ते तुला करायला सांगतात?"

"नाही. मी निवडते आणि मग मिसळते. म्हणून त्यांनी आता डबा वर ठेवलाय."

"आणि मावशी? त्या काही काम सांगतात?"

"रोज."

पेन थांबलं. आवाज न बदलता अधिकारीबाईंनी विचारलं, "रोज काय काम सांगतात?"

"लिहून घेतात. फाटकावरच्या वहीत. त्यांच्याकडे चष्मा नसतो ना."

दार उघडून अधिकारीबाईंनी वही मागवली. आजोबांनी विचारलं, कुठली? एकोणीस वर्षांच्या सगळ्या आहेत. असा निरोप कधीतरी येईल म्हणून त्यांनी त्या वर्षवार सुतळीने बांधून ठेवल्या होत्या, आणि आता त्या बागेतल्या ढकलगाडीतून ते स्वतः घेऊन आले. मागोमाग बाई आल्या, काका आले, आणि हात पुसत मावशी आल्या.

आधीच्या वह्यांत आजोबांचं अक्षर होतं. कोणाला भेटायचंय: स्वयंपाकघर. काम: स्वयंपाक. पानामागून पान तेच. मग तीन वर्षांपूर्वीच्या एका तारखेला अक्षर बदललं. मोठं, वाकडं, रकान्याबाहेर जाणारं. कोणाला भेटायचंय: भिंगरी. काम: वेणी.

पुढच्या दिवशी: भिंगरी. काम: दात पडला. त्यापुढे: भिंगरी, गणित. भिंगरी, ताप. भिंगरी, राग आला होता. भिंगरी, काही नाही. भिंगरी, उगाच.

"हे तू लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"त्यात विचारलंय ना, कोणाला भेटायचंय. स्वयंपाकघराला कोण भेटायला येतं?"

मावशींनी चष्मा आणला नव्हता. "काय लिहिलंय?" त्यांनी काकांना विचारलं. काकांनी वाचून दाखवायला तोंड उघडलं, आणि मग आजोबांकडेच बघितलं. शेवटी आजोबाच म्हणाले, "बरोबर लिहिलंय. मी रोज तपासत होतो."

अधिकारीबाई बोट ठेवून मोजत होत्या. "बारा झाल्या," त्या म्हणाल्या. कायद्याला एवढंच हवं होतं, तरी त्या पानं उलटत राहिल्या. शेवटच्या पानावर थांबल्या. "हे मंगळ, बुध, गुरुवार रिकामे का?"

"त्या तीन दिवस त्या आतल्या..." आजोबांनी सुरुवात केली. बाई खोकल्या.

"आजारी असतील," अधिकारीबाई म्हणाल्या.

"हो," शिक्काकाका म्हणाले. "अनधिकृत."

अधिकारीबाईंनी वही मिटली आणि भिंगरीकडे वळल्या. "तुला मावशींकडे राहायचंय?"

"रविवारी की कायमचं?"

"कायमचं."

भिंगरीने कठड्यावर बसल्या बसल्या पाय हलवणं बंद केलं. तिला गप्प बसलेली बघून बाई घाबरल्या.

"मग सकाळी सहाला मी कुठून बघू, मावशी येतायत का ते?"

"बघावं नाही लागणार. तू त्यांच्याबरोबरच असशील."

"मग चालेल," भिंगरी म्हणाली, आणि कठड्यावरून उतरून दाराबाहेर गेली. चर्चा तिच्या बाजूने संपली होती.

अधिकारीबाईंचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. मुलगी तिसऱ्या गल्लीतल्या कुटुंबाकडे सोपवण्यात यावी, आणि पहिले वर्षभर दरमहा कधीही, न कळवता, त्या स्वतः घर बघायला जातील, असं त्यात होतं. केंद्राबद्दलही शेरे होते. खाटांमधलं अंतर: योग्य. पाटी: सुधारणे. स्वयंपाकी हे पद: एकोणीस वर्षे रिक्त. बालकांचे पोषण: उत्तम.

बाईंनी ते दोन शेरे काकांना परत परत वाचायला लावले. मग खरा प्रश्न विचारला. "उद्यापासून एकवीस ताटं कोण भरणार? कलम नऊप्रमाणे आता मावशींना आत घेता येणार नाही. मला तर स्वतःपुरतं अंडंही उकडता येत नाही."

काका तयारीने आले होते. "कलम चाळीस. पालकत्व घेतलेल्या कुटुंबाने केंद्राशी संपर्क ठेवावा आणि महिन्यातून किमान एकदा भेट द्यावी. भेटीत मुलांसोबत घरगुती कामांत सहभाग घ्यावा, असंही आहे."

"महिन्यातून एकदा?"

"किमान. कमाल लिहायचं राहिलंय."

"आणि मानधन?"

"पाहुण्यांसाठीचा जुना नियम नव्या कायद्याने रद्द केलेला नाही. मी परिशिष्टंसुद्धा बघितली." काका जरा थांबले. त्यांच्या तोंडावर काहीतरी झालं, आणि बाईंनी दुसऱ्याच दिवशी मुलांच्या सभेतल्या तिसऱ्या ठरावावरचा 'विचाराधीन' खोडून घेतला.

सोमवारी सकाळी सहाला मावशी फाटकाशी आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भिंगरी; भिंगरीच्या फ्रॉकची आणखी एक दुमड उसवलेली होती. आजोबांनी वही पुढे केली. भिंगरीने तारीख लिहिली, मावशींचं नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्याशी येऊन अडली. इथे इतके दिवस ती स्वतःला लिहीत आली होती, आणि आता ती बाहेरून आली होती.

आत व्हरांड्यात कोणीतरी रडत होतं, कोणीतरी कोणाला तरी मारत होतं, आणि कोणीतरी भूक लागली म्हणून ताट वाजवत होतं.

"लिही की," मावशी म्हणाल्या. "दूध उतू जाईल."

"दूध अजून गॅसवर ठेवलंच नाही."

"म्हणूनच म्हणते."

भिंगरीने पेन टेकवलं आणि लिहिलं: बाकीच्यांना. शब्द रकान्यात मावला नाही, शेवटचं अक्षर कामाच्या रकान्यात गेलं. मावशींनी खाली सही केली.

आजोबांनी वही स्वतःकडे फिरवून ओळ तपासली.

"वेळ राहिली," ते म्हणाले.

भिंगरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सहा वाजून चार मिनिटं असं लिहिलं.